उत्तमरावांनी न सांगितलेलं नाव

अमरावतीत राजापेठेतल्या ट्यूशन क्लासेसच्या गल्लीत उत्तमराव चर्जनांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. एक शटर, आत दोघं उभे राहतील एवढी जागा, आणि बाहेर नालीवर टाकलेल्या फरशीवर बसलेले ते स्वतः. वय त्रेसष्ट. गल्लीत दिवसभर स्कूटींचा धुडगूस असतो, पण सायकलीही अजून येतात, आणि ज्याची सायकल जुनी तो उत्तमरावांकडेच येतो. कारण त्यांना सायकल ओळखता येते. रंग उडालेली, स्टिकर गेलेली, चार हात फिरलेली सायकल त्यांच्यापुढे ठेवायची. ते तिला उलटी करतात, पायडलजवळच्या जोडावरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, ही लुधियानाची, ही मद्रासकडची, हिचा पुढच्या चाकाचा चिमटा मागाहून बदललेला आहे. एका दैनिकानं एकदा त्यांचा फोटो छापला होता. ते कात्रण लॅमिनेट करून दुकानात टांगलेलं आहे.

एकच काम ते घेत नसत. फ्रेमचा जोड निखळला असला की गिऱ्हाइकाला वेल्डिंगवाल्याकडे धाडत.

"आगीचं काम आपल्याकडे होत नाई," एवढंच म्हणत.

आगीचं काम त्यांना येत नव्हतं असं नाही. अठराव्या वर्षी ते अकोल्याला खुशालराव मिस्त्रींकडे तेच शिकायला गेले होते. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात मिस्त्रींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाचं छप्पर, कोळशाची भट्टी आणि भाता. मिस्त्री हातानं फ्रेम बांधत. पाइप जोडात बसवायचा, आरपार खिळा ठोकायचा, टाकणखार लावून भट्टीवर धरायचा, आणि लोखंड नेमक्या रंगावर आलं की पितळ सोडायचं. मग कानशीनं घासत बसायचं, लोखंड कुठे संपलं आणि पितळ कुठे लागलं हे बोटाला कळेनासं होईपर्यंत. शिकणारे दोघेच होते, उत्तमराव आणि देवानंद बोळे. एका खोलीत राहत, एका डब्यातून जेवत.

देवानंदचा हात चांगला होता. ही गोष्ट उत्तमरावांना पहिल्याच महिन्यात कळली आणि पुढची सात वर्षं रोज कळत राहिली. त्यांनी केलेला जोड पाहून मिस्त्री म्हणत, "ठीक हाय." देवानंदचा जोड पाहून काहीच म्हणत नसत, नुसते हातात धरून बसत. उत्तमराव पहाटे लवकर उठून घासायला बसले, बोटं सोलून घेतली, देवानंद झोपलेला असताना त्याच्या कानशी उचलून पाहिल्या. कानशी सारख्याच होत्या.

शहाऐंशी साली मिस्त्रींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. संक्रांतीनंतर एका दुपारी त्यांनी पितळाची सळई देवानंदच्या हातात दिली.

"आजपासून आग याच्याकडे. उत्तम, तू चाकं पाय."

उत्तमरावांनी तासाभरात पेटी भरली. मिस्त्रींच्या पाया पडले नाहीत, भाता ओढत बसलेल्या पार्वताकाकूंना, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोला, सांगितलं नाही, देवानंदकडे पाहिलंही नाही. संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला आले ते आलेच. त्यानंतर त्यांनी भट्टीसमोर पाऊल ठेवलं नाही. देवानंदचं नाव मात्र घरात सारखं निघे. लग्नाला चौतीस वर्षं झालेली त्यांची बायको मैनाबाई, तिनं देवानंदला कधी पाहिलेलं नव्हतं, पण तो कसा दिखाऊ, कसा आतून कच्चा, मिस्त्रींच्या कसा पुढेपुढे करायचा, हे तिला पाठ होतं.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या आकांक्षा मॅडम एक सायकल घेऊन आल्या. अकोल्याला माहेरी गेल्या असताना भंगारात त्यांना नुसती फ्रेम मिळाली होती. चाकं, साखळी, हँडल नवं टाकून घेतलं होतं.

"काका, गंमत सांगू? हात सोडले तरी ही सरळ जाते. कुठेच ओढत नाही. पण हिच्यावर नाव नाही, नंबर नाही, काहीच नाही. कोणत्या कंपनीची आहे सांगा. आणि रंग पार गेलाय, तोही करून द्या."

"सांगतो नं," उत्तमराव म्हणाले. "आठ दिवस ठेवा."

त्यांनी फ्रेम मोकळी केली आणि रंग खरवडायला घेतला. पुढच्या नळीवर कंपनीची पट्टी बसवतात, तिथे रिव्हेटची भोकं नव्हती. म्हणजे पट्टी काढून टाकलेली नव्हती, मुळात बसवलीच नव्हती. नंबर घासून काढला असता तर तिथे खळगा लागला असता, तोही नव्हता. मग त्यांनी दोरा घेतला. पुढच्या नळीभोवती टाकून दोन्ही टोकं मागे चाकाच्या खाचांपर्यंत ताणली आणि मधल्या पाइपापासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. केसाचाही फरक नव्हता. चांगल्या चांगल्या कंपनीच्या फ्रेममध्ये तांदळाच्या दाण्याएवढा फरक त्यांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी लोखंड पूर्ण उघडं झालं, आणि जोड दिसले. उत्तमरावांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. लोखंड कुठे संपलं ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. मग टॉर्च घेऊन नळीच्या आत पाहिलं. दोन खिळे होते, एकमेकांना आडवे, खालच्या अंगानं ठोकलेले, म्हणजे बाहेरून दिसू नयेत असे. सगळे लोक एक खिळा ठोकतात. दोन, आणि तेही आडवे, फक्त खुशालराव मिस्त्रींच्या भट्टीवर ठोकत.

मिस्त्रींची नजर गेलेली. उत्तमराव स्वतः अमरावतीला. उरला एकच माणूस.

उत्तमराव फ्रेम मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. एवढी वर्षं ते देवानंदला कच्चा म्हणत आले होते, आणि म्हणता म्हणता त्यांना ते थोडंफार खरंही वाटू लागलं होतं. देवानंदनं पुढे काय केलं याची चौकशी त्यांनी मुद्दाम कधी केली नव्हती. आता त्याचं काम मांडीवर होतं, आणि त्यात काढायला खोट नव्हती. त्यांनी खोट शोधली. दोरा पुन्हा लावला. जोड भिंगाखाली धरले. खालच्या जोडाच्या आतल्या बाजूला कानशीच्या रेघा राहिल्या होत्या, पण त्याही एकसारख्या, एका तिरक्या चालीनं गेलेल्या. हरामखोरानं कानस फिरवायची स्वतःची पद्धतही काढली, असं त्यांच्या मनात आलं.

आकांक्षा मॅडम क्लास सुटल्यावर आल्या. "काय काका, लागला पत्ता?"

"नाई लागला."

"तुम्हाला नाही लागला?"

"बाहेरदेशाची असन. सांगता येत नाई."

त्या गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कात्रणाकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सायकलीबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि तेही एक नाव तोंडातून निघू नये म्हणून.

दोन दिवस ते जेवणावरून अर्धवट उठले. तिसऱ्या दिवशी मैनाबाईनं ताट सरकवून विचारलं, "काय होऊन राह्यलं तुमाले? बीपी वाढलं काय?"

"देवानंदची फ्रेम आली दुकानात."

"मंग?"

"चांगली हाय."

चौतीस वर्षांत देवानंदचं काही चांगलं आहे असं मैनाबाई पहिल्यांदा ऐकत होती. "मंग जाऊन सांगा त्याले," ती म्हणाली. "नाई तं इथं बसून असेच जळत राहान."

उत्तमराव गेले, पण सांगायला नाही. देवानंदचं आता कसं चाललंय, त्यानं अशा किती फ्रेम बांधल्या, त्याच्या दुकानावर पाटी केवढी आहे, हे त्यांना पाहायचं होतं. फ्रेम चादरीत गुंडाळून ते एसटीत बसले. ती मांडीवर आडवी धरली होती. मूर्तिजापूरला एक बाई शेजारी बसायला आली आणि पाइप लागून वैतागून दुसरीकडे गेली. उत्तमराव मनाशी पाटी रंगवत होते, मोठी, काचेची, देवानंद सायकल वर्क्स.

अकोल्यात जुन्या शहरात विचारत विचारत गेले तर कळलं, बोळे सायकलवाला असं कोणी नाही. देवानंद बोळे फुलं विकतो, फूलबाजारात.

तो तिथेच होता. झेंडूच्या ढिगामागे गोणपाटावर बसलेला, टक्कल पडलेला, डोळ्यांवर चष्मा. शेवंती निवडत होता. उत्तमराव समोर उभे राहिले. देवानंदनं वर पाहिलं आणि हातातलं फूल तसंच राहिलं.

"उत्तम?"

"हौ."

"बस." त्यानं गोणपाट सरकवलं. मग चादरीकडे पाहिलं. "हे काय आनलं?"

उत्तमरावांनी चादर सोडली. देवानंदनं फ्रेम पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे घेऊन आला तू माया दारात?" तो हळू पण चिडून म्हणाला. "मले दाखवाले? आता? अरे, सोडलं मी ते काम. कवाचंच सोडलं. अजून काय पायजे तुले?"

"मी काय दाखवून राह्यलो? तुयीच हाय नं हे!"

"माही?"

"मंग कोनाची? दोन आडवे खिये हायेत आतून. मिस्त्रीच्या भट्टीचे."

"हौ, हायेत. म्हनूनच तं तुयी हाय."

एक गिऱ्हाईक येऊन हाराचं विचारत होतं, देवानंदनं हातानंच त्याला पुढे जायला सांगितलं. मग तो बोलायला लागला, अडखळत.

उत्तमराव गेल्यावर सहा महिन्यांत त्यानंही मिस्त्रींचं काम सोडलं होतं. वेगळी भट्टी टाकली. एक्क्याण्णव साली एका शाळेचे ड्रिल मास्तर सायकलीत हवा भरायला आले. ती हीच सायकल होती, नाहीतर हिची जोडीदारीण. देवानंदनं ती उलटी केली, खिळे पाहिले, जोडावरून बोट फिरवलं. मास्तरांना कोणी बांधली ते माहीत नव्हतं, त्यांनीही कोणाकडून तरी घेतलेली. पण देवानंदनं मनाशी उत्तमरावांचं नाव लावून टाकलं. मिस्त्रींच्या हाताखालून गेलेला दुसरा माणूस एकच होता.

"मले वाटलं, उत्तम अमरावतीले जाऊन माया पुढे गेला. मी त्या दिवसापासून जोड करो, अन् तुया जोड डोळ्यापुढे ये. वरीसभरात भट्टी मोडली अन् वावरातली फुलं विकाले बसलो." त्यानं चष्मा काढून पुसला. "मिस्त्री तुले ठीक हाय तरी म्हनत. मले तं काईच म्हनत नोते. मले वाटे माया कामात बोलासारखं काई नाईच."

मिस्त्रींच्या ज्या गप्प बसण्याचा उत्तमरावांनी सात वर्षं हेवा केला, ते गप्प बसणं समोरच्या माणसाला असं लागलं होतं. त्यांना त्याची दया यायला हवी होती. पण आधी मनात आलं ते हेच, की ही फ्रेम देवानंदची नाही. आणि अंगातून गार वारं गेल्यासारखं बरं वाटलं. त्याची त्यांना लाजही वाटली, पण बरं वाटायचं थांबलं नाही.

"मंग कोनाची हे?" ते म्हणाले.

देवानंदनं फ्रेम ओढून घेतली. फुलं विकणाऱ्याची बोटं, पण जोडावर ती जुन्या सवयीनं फिरली. खालच्या जोडाच्या आतल्या अंगाला थांबली.

"रेघा पायल्या तू?"

"पायल्या. तिरप्या हायेत."

"कोन्या अंगानं तिरप्या?"

उत्तमरावांनी वाकून पाहिलं. उजव्या हातानं कानस चालवली की रेघ ज्या बाजूला झुकते, तिच्या नेमक्या उलट ह्या रेघा झुकल्या होत्या. सबंध फ्रेमभर. हे त्यांनी चार दिवस पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. पाच वर्षांच्या पोरानं सांगितलं असतं अशी गोष्ट, पण त्यांना जिकडे तिकडे देवानंदच दिसत होता.

"डावऱ्या हाताचं काम हाय," ते म्हणाले.

"तू डावरा नाई, मी नाई, मिस्त्री नोते."

भट्टीवर आणखी कोण असायचं, याचा दोघांनी विचार केला, आणि दोघांच्या डोळ्यांसमोर एकच हात आला. डाव्या हातानं भाता ओढणारा, डाव्या हातानं चहाचा कप पुढे करणारा.

पार्वताकाकू हिवरखेडला भावाच्या घरी राहत होत्या. मिस्त्री वारल्यावर त्या तिकडेच गेल्या होत्या. देवानंदनं ढीग शेजाऱ्याला सोपवला आणि दोघं अकोटच्या गाडीत बसले, तिथून पुढे हिवरखेडला. वाटेत फ्रेम कोणी धरायची यावरून थोडी ओढाताण झाली. शेवटी दोघांच्या मांड्यांवर अर्धी अर्धी ठेवली.

काकू अंगणात बाजेवर बसून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. देवानंदनं "काकू" म्हटल्याबरोबर त्यांनी मान वर केली.

"देवानंद काय रे? आवाज तोच हाय." मग उत्तमरावांकडे पाहिलं. "अन् हा?"

"मी उत्तम, काकू."

"हां. बिनसांगता गेलता थो."

उत्तमरावांनी मान खाली घातली. देवानंदचा आवाज आठवला आणि माझा नाही, एवढंच त्यांना पहिल्यांदा टोचलं. न सांगता गेल्याचा बोल नंतर लागला, जास्त खोल.

फ्रेम समोर ठेवली तशी काकूंनी मिरचीचे हात पदराला पुसले आणि डावा हात पाइपावरून खाली नेला. खालच्या जोडाशी थांबल्या आणि हसल्या.

"हे तिसरी. इथं वाकडी घासली मी. मिस्त्री लय बोलले होते."

दोघांनीही तिथे बोट लावलं. त्यांना काही लागलं नाही.

मग काकूंनी सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतं, असं त्यांच्या आवाजावरून वाटत होतं. उत्तम आणि देवानंद, दोन्ही पोरं सोडून गेली, मिस्त्रींना दिसेनासं झालं, आणि घरात पाइप पडून होते. वीस वर्षं भाता ओढून कोणत्या रंगाला पितळ धरतं ते काकूंना माहीत होतं. मिस्त्री बोटानं चाचपून सांगत, कुठे उंच राहिलं, कुठे खोल गेलं. काकू घासत. पहिली फ्रेम मोडून टाकली. मग चार केल्या. "मंग त्याइची तब्येत गेली. झालं."

"नाव काहून नाई टाकलं काकू?" देवानंदनं विचारलं.

"कोनाचं टाकू? मिस्त्री म्हने तुयं टाक. बाईनं बनवलेली सायकल कोन घेते? त्याइचं टाकाव तं त्याइचे डोये गेले हे साऱ्या गावाले माईत. मंग तसंच राह्यलं."

"आमाले वाटलं…" उत्तमराव म्हणाले आणि थांबले.

"काय वाटलं?"

काकूंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"तुमी दोघं सारा वेळ एकमेकाचेच हात पायत बसत," त्या म्हणाल्या, आणि घरातल्या भाचेसुनेला चहा टाकायला सांगितलं.

परतीच्या गाडीत देवानंद अकोल्याला उतरला. "फोन करजो," म्हणाला. उत्तमराव एकटेच पुढे आले. त्यांना वाटलं होतं, आता मन हलकं होईल. झालं नाही. पंचेचाळिशीच्या बाईनं, ज्या कामाला कोणी तिला बसवलं नव्हतं, त्यात चार वेळा ते साधलं जे त्यांनी एका दुपारच्या रागात टाकून दिलं होतं. देवानंदचा हेवा करताना निदान त्याच्यावर दोष ठेवता येत होता, तो पुढेपुढे करतो, तो दिखाऊ. काकूंवर ठेवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. बडनेरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आकांक्षा मॅडमना क्लासच्या आधीच बोलावून घेतलं.

"मी तुमाले खोटं सांगतलं होतं," ते म्हणाले. "बाहेरदेशाची नाई. पार्वताबाई म्हनून हायेत, हिवरखेडले. त्याइनं बनवली. अन् आधी मले जे नाव वाटलं ते चुकीचं होतं, अन् तेही मी दाबून ठेवलं होतं."

"का?"

"पोटात दुखत होतं म्हनून."

आकांक्षा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पत्ता लिहून घेतला. फ्रेमला गडद हिरवा रंग झाला. पुढच्या नळीवर नाव टाकायचं का, असं उत्तमरावांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्यांना विचारून येते. एका रविवारी त्या खरंच गेल्या. परत आल्यावर मोबाइलवर फोटो दाखवला. काकू सायकलीला धरून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. नाव टाकायला त्यांनी नकार दिला होता. सायकल वाकडी घासलेली आहे, नाव टाकायच्या लायकीची नाही, असं कारण दिलं होतं.

फेब्रुवारीत उत्तमरावांनी गॅसची लहान टॉर्च आणि पावभर पितळाच्या सळया आणल्या. पहिला जोड जळाला. दुसऱ्यात पितळ एका बाजूलाच गेलं. मैनाबाई पाण्याची बादली घेऊन दुकानाच्या दारात उभी राहायची, छप्पर पेटेल या भीतीनं. तिसरा जोड त्यांनी घासला, अंगठा फिरवला, आणि लोखंड कुठे संपलं ते साफ कळलं. ठीक होता.

संध्याकाळी अकोल्याहून फोन आला. देवानंदनंही घराच्या मागे भट्टी पेटवली होती.

"कसा आला?" उत्तमरावांनी लगेच विचारलं.

"आला बरा. तुया?"

"पयले तुया सांग. बोटाले लागते काय, नाई लागत?"

पलीकडून देवानंद म्हणाला, "लागते."

"मायाही लागते," उत्तमराव म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी त्या रात्री ताटात भाकर उरली नाही.